चाव्यांची न्याहारी

टोपली गेल्याचं पहिल्यांदा स्वयंपाकिणीला कळलं, त्यामुळे ते लगेच लॉजला, म्हणजे पार्कातल्या त्या सगळ्या घराला कळलं.

"कुठली टोपली?" कर्नल बार्नबी गालावरचा साबण तसाच ठेवून जिन्यात आले. "अंड्यांची असेल तर मी आत्ताच सांगतो, मला चालणार नाही."

"चाव्यांची, काका," कॉन्स्टन्स म्हणाली.

"अंडी आहेत ना? मग ठीक आहे." आणि ते पुन्हा दाढी करायला वर गेले.

ठीक अजिबात नव्हतं. थेम्सकाठच्या विदरली पार्कच्या, म्हणजे राजाच्या हरणांच्या रानाच्या, रेंजरपदाची सनद लेडी थिओडोशियाच्या नावाने होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि आज तिची चाव्यांची न्याहारी होती. नवा रेंजर आला की पार्कच्या सगळ्या फाटकांची कुलपं बदलायची, मग जुलैतल्या एका सकाळी हिरवळीवर टेबलं मांडायची आणि ज्यांना पार्कात हिंडायचा मान द्यायचा त्यांच्या हातात नवी चावी ठेवायची, ही विदरलीची जुनी रीत. चावी रेंजरने स्वतःच्या हाताने द्यायची. त्या हातातून गेल्याशिवाय चावी कोणाकडेच नाही, अगदी दक्षिण फाटकावरच्या जॉब टिल्यार्डकडेही नाही. बोटभर लोखंडासाठी आमच्या भागातली बडी मंडळी वर्षभर ओळखी काढत, एकमेकांना घोडे देत आणि वेळ पडली तर मुलीही देत.

एरवी रेंजरला काम काय, तर रेंजर असणं. हरणं राखायची राखणदारांनी, भिंत बघायची राखणदारांनी आणि चोर पकडायचे तेही राखणदारांनीच. थिओडोशियाचे थोरले भाऊ सर पेरेग्रिन आयुष्यभर रेंजर होते आणि त्यांनी ताटाबाहेर हरीण फारसं पाहिलं नव्हतं. ते गेल्यावर राजेसाहेबांनी सनद बहिणीला दिली, कारण बाकीच्या उमेदवारांपैकी कोणालाही दिली असती तरी उरलेले सगळे रुसले असते.

थिओडोशिया दिवाणखान्यात हिरवा नवा पोशाख घालून ताठ बसली होती. तो शिवून आल्यापासून ती जरा जास्तच ताठ बसायची.

"कॉन्स्टन्स, तुझा नवरा कुठे आहे?"

"पहाटेच बग्गी घेऊन गेलेत, आईसाहेब. लॉर्ड मिल्डरनना आणायला."

"आणि टोपली?"

कॉन्स्टन्सला खोटं बोलता येत नसे. लग्नाला सहा वर्षं होऊनही सासरचा हा गुण तिने उचलला नव्हता. "तीही घेऊन गेलेत. मिल्डरनसाहेबांना चावी सगळ्यांच्या आधी, वाटेतच दाखवायची होती. कुठली चावी कुठल्या फाटकाची ते त्यांना कळेना. चिठ्ठ्या बांधायच्या राहिल्या होत्या ना? मग म्हणाले, सगळ्याच नेतो."

"जाताना फाटक?"

"ओढून घेतलं. ते कुलूप आपोआप बसतं. लोहाराने तीच तर तारीफ केली होती."

आता साबण पुसून आलेले कर्नल दारात उभे राहून हसायला लागले. ते थिओडोशियाचे धाकटे दीर. पंधरवड्यासाठी म्हणून आले होते, त्याला आता नऊ वर्षं होत आली होती. "म्हणजे वहिनी, पार्कच्या एकूण एक चाव्या पार्कच्या बाहेर आहेत, आणि आपण सगळे आत! अमेरिकेत आमची अख्खी पलटण अशी सापडली होती. पण तिथे निदान शत्रू हुशार होता."

"भावजी, तुम्ही गप्प बसा." थिओडोशिया सुनेकडे वळली. "मिल्डरनला दाखवायला नेली हे निम्मं खरं. काल रात्री जेवताना मी म्हणाले, उत्तर फाटकाची चावी मी जेमायमाला देणार, तेव्हा ऑगस्टसचा चेहरा मी पाहिला होता. ती चावी मला देता येऊ नये म्हणून त्याने टोपली नेली. हो की नाही?"

कॉन्स्टन्स गालिच्याकडे बघू लागली, म्हणजे हो.

जेमायमा ही थिओडोशियाची धाकटी बहीण. उत्तरेच्या भिंतीला लागून टोबायस हॅडलोची बिअरची भट्टी होती, आणि वीस-बावीस वर्षांपूर्वी जेमायमाने त्या भट्टीवाल्याशी लग्न केलं. सर पेरेग्रिननी दुसऱ्याच दिवशी तिची पार्कची चावी मागवून घेतली. लॉजमधून तिच्या घरी पार्कातून चालत जायला चहा निवेपर्यंतचा वेळ लागे. रस्त्याने सगळ्या भिंतीला वळसा घालून जायचं तर घोडे दमत. त्या दिवसापासून बहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आणि ऑगस्टसला लॉर्ड मिल्डरनच्या वशिल्याने लंडनच्या दरबारात जागा हवी होती. भट्टीवालीला चावी दिली तर मिल्डरन त्याच फाटकाने परत जाईल, असं तो काल रात्री म्हणाला होता.

"पण आईसाहेब," कॉन्स्टन्सने विचारलं, "मावशींना बोलावणं पाठवलंय का?"

"बोलावणं कशाला? आज काय आहे ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. तिने यावं, मी चावी देईन."

"बोलावल्याशिवाय त्या येणार नाहीत."

"तुला गं काय माहीत?"

कॉन्स्टन्सचे कान लाल झाले. कर्नलनी खिडकीबाहेरच्या हरणांकडे लक्ष असल्याचं उत्तम सोंग केलं. थिओडोशियाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"तू तिला भेटतेस."

"फाटकाच्या गजांमधून. वसंतात आमचा थोरला मुलगा आजारी होता ना, तेव्हापासून. त्यांनी सत्त्वाचं काहीतरी काढून दिलं होतं, जवाचं. त्यानेच त्याची भूक परत आली."

"आणि मी समजत होते ते डॉक्टरच्या औषधाने."

"डॉक्टरचं औषध जेरेनियमच्या कुंडीत गेलं, वहिनी," कर्नल म्हणाले. "ते जेरेनियम तेव्हाच मेलं."

थिओडोशियाला राग यायला हवा होता. तो आला नाही, उलट तिला सुनेचा हेवा वाटला. गजांमधून का होईना, ही पोर तिथे जाऊन आली होती. ती काही बोलणार इतक्यात जॉब टिल्यार्ड धापा टाकत आला.

"बाईसाहेब, दक्षिण फाटकावर गाड्यांची रांग लागलीये. मोठी मोठी माणसं. मी सांगितलं चावी नाही, तर त्यांना वाटलं मी दारू प्यालोय."

"प्यायला आहेस?"

"थोडीशी. पण चावी त्याच्या आधीपासून नाहीये."

"दुसरी बाजू नाही का कुठली?" कर्नलनी विचारलं. "भिंत पडलेली, खचलेली?"

"भिंत आपली उत्तम आहे, साहेब." हे जॉब जरा अभिमानाने म्हणाला. "हरीण नाही जात, तर बिशपसाहेबांची विधवा काय जाणार."

कॉन्स्टन्स उठली. आमच्या घराण्यात पुढे जी जी धाडसाची कामं झाली त्यांचं श्रेय तिच्या रक्ताला देतात. पण त्या सकाळी ती खूप घाबरली होती, असं तिनेच म्हातारपणी सांगितलं. "भट्टीवर पिंपांच्या गाड्या आहेत. आणि पिंपं उतरवायच्या लांब शिड्या. एक बाहेरून, एक आतून लावली तर माणसं येतील. मी मावशींना विचारते. जॉब, तू भिंतीवरून ओरडून सांग, सगळ्यांनी वळसा घालून उत्तरेला या म्हणावं."

"माझे पाहुणे," थिओडोशिया म्हणाली, "भट्टीतून येणार?"

"नाहीतर दक्षिणेकडून परत जाणार," कर्नल म्हणाले. "आणि हरणाचं सारण भरलेली एवढी मोठी पेस्ट्री मला एकट्याला संपवावी लागणार. माझी ना नाही."

* * *

तिकडे फिंचलँड्सच्या उतारावर ऑगस्टस रस्त्याच्या कडेला उभा होता. बग्गीचं एक चाक खड्ड्यात होतं, दुसरं कुंपणापलीकडच्या बीटच्या शेतात. चाव्यांची टोपली त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. लॉर्ड मिल्डरन संधिवाताने गाठाळलेला पाय सरळ पसरून दगडावर बसले होते. भूक लागली की ते गप्प होत, आणि आता बराच वेळ ते गप्प होते. आपली दरबारातली जागा या शांततेत हळूहळू विरघळते आहे, असं ऑगस्टसला वाटत होतं.

तेवढ्यात पिंपांनी लादलेली एक गाडी येऊन थांबली. वरून एका रुंद, सावकाश माणसाने खाली पाहिलं.

"चाक गेलं वाटतं?"

"दिसत नाही का?" ऑगस्टस खेकसला.

"दिसतंय की. पण बोलायला कुठून तरी सुरुवात करावी लागते." तो माणूस खाली उतरला आणि मिल्डरनना त्याने टोपी काढून नमस्कार केला. "टोबायस हॅडलो, साहेब. बिअर गाळतो. विदरलीलाच चाललोय, या वर. हे आमचे भाचे."

भाचे म्हणून त्याने बोट दाखवलं ते ऑगस्टसकडे.

मिल्डरननी मान वळवली. "भाचे? का रे, तू तर लंडनमध्ये म्हणालास, तुला मावशी नाही."

"म्हणजे... तसं म्हणायचं नव्हतं मला."

"मग कसं म्हणायचं होतं?"

ऑगस्टसने टोपली आणखी घट्ट धरली. टोबायसनेच त्याला सोडवलं. "लहान होते हो हे तेव्हा. एवढेसे. घोड्यांना गाजरं द्यायला यायचे आमच्याकडे. मग मोठ्या माणसांचं काहीतरी झालं. पोरांना काय सांगतात मोठी माणसं? नाही म्हणजे नाही." एवढं बोलून त्याने मिल्डरनना लहान मुलासारखं उचललं आणि दोन पिंपांच्या मधे पोत्यावर बसवलं. "पाय असा ठेवा. हं. आणि हे घ्या. जुनी आहे, मार्चमधली."

लॉर्ड मिल्डरननी बिअरचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. गाडी हलली.

"ऑगस्टस," शेवटी ते म्हणाले, "माझे आजोबा मेणबत्त्या विकायचे. स्वतः ओतून. हे मी लंडनमध्ये कोणाला सांगत नाही, तूही सांगू नकोस. पण स्वतःचा आजोबा नव्हताच असं मी कधी म्हणालो नाही." त्यांनी पेला पुढे केला. "हॅडलो, अजून आहे का?"

"गाडी भरून आहे, साहेब."

ऑगस्टस टोपली मांडीवर घेऊन मागे बसला. ती गाजरं त्याला आठवत होती. त्या करड्या घोडीचं नावही आठवत होतं, आणि गेली कित्येक वर्षं ते आठवू नये याची त्याने काळजी घेतली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"डचेस," तो हळूच म्हणाला.

"काय म्हणालात?" टोबायसने मागे वळून विचारलं.

"घोडी. डचेस नाव होतं ना तिचं?"

"ही पुढे चाललीये ती तिची नात," टोबायस म्हणाला आणि त्याला इतका आनंद झाला की त्याने उगीचच लगाम हलवला.

* * *

उत्तरेच्या भिंतीवर तोवर जत्रा भरली होती. बाहेरून पिंपांची मोकळी गाडी भिंतीला टेकवलेली, तिच्यावर एक शिडी, आतून दुसरी. गाडीवर बाह्या सरसावून जेमायमा उभी होती आणि हाताला येईल त्याला वर ढकलत होती. आत कॉन्स्टन्स शिडी धरून होती. कर्नल बार्नबी उतरणाऱ्या प्रत्येक बाईचा हात धरून तिच्या टोपीची तारीफ करत होते. टोपीचं काय झालंय ते बघत नव्हते. झाडाखालून पाच-पन्नास हरणं माना उंचावून हा प्रकार पाहत होती.

"मला नाही जमायचं," बिशपची विधवा मिसेस ऑर्डवे भिंतीच्या माथ्यावर दोन्हीकडे पाय टाकून म्हणाल्या. "मी इथेच राहीन."

"राहा की," खालून जेमायमा म्हणाली. "न्याहारी वर पाठवते. पण वारा सुटला तर झगा सांभाळा, पलीकडे कर्नल उभे आहेत."

मिसेस ऑर्डवे चटकन उतरल्या.

थिओडोशिया झाडीतून येत होती. दुरूनच तिला भिंतीवर बहिणीचं डोकं दिसलं. केस पांढरे झाले होते. काय अपेक्षा होती तिची, काळे असतील? पण ते पाहून तिचा पाय अडखळला. शेवटचे पाहुणे कर्नलच्या मागे अंड्यांच्या दिशेने गेले. कॉन्स्टन्सही निघाली होती, पण शिडी सोडायची की धरायची ते न कळून तिथेच थांबली.

"जेमायमा," थिओडोशिया म्हणाली.

"बोला, रेंजरबाई."

"माझ्या पाहुण्यांसाठी तू एवढं केलंस. आभार."

"दाराबाहेर ताटकळणं काय असतं ते मला माहीत आहे. म्हणून केलं."

थिओडोशियाने ते गिळलं. "आत ये ना. सगळं मांडलंय."

"मला बोलावणं नाही."

"आता बोलावतेय की!"

"भिंतीवरून?" जेमायमाने हात पुसले. "हिरवा रंग शोभतो तुला. लहानपणी तुला आवडायचा नाही."

"चेष्टा करू नकोस. हे बघ, चाव्या आल्या की मी तुझी चावी तुला सगळ्यांच्या देखत देणार आहे. उत्तर फाटकाची. ऑगस्टस काहीही म्हणो, मिल्डरन काहीही म्हणो. मी ठरवलंय. मी रेंजर आहे आता."

आपण हे बोललो की जेमी रडेल, असं तिला दोन महिने वाटत आलं होतं. जेमायमा रडली नाही.

"थिओ, पेरेग्रिनने माझी चावी घेतली, ते मी केव्हाच सोडून दिलं. तो तसाच होता. पण तुझी कोणी घेतली होती?"

"माझी?"

"तुझ्या खिशात होती की रोज. हे फाटक, आणि हाकेच्या अंतरावर माझं दार. दिवसा मी त्याला कडीसुद्धा लावत नाही. तू मला आत बोलवायचं नव्हतं गं, तू बाहेर यायचं होतंस. माझा पोरगा विल तापात गेला तेव्हा मी दोन दिवस या फाटकाकडे बघत होते. लोकांना वाटलं मला वेड लागलं." तिचा आवाज चढला नव्हता. "मला माहीत आहे, तू पेरेग्रिनच्या घरात होतीस, विधवा, पदरात पोर. म्हणून तर ओरडत नाहीये. पण चावी घेऊन काय करू मी? कुलूप लावणाऱ्यानेच चावी द्यायची आणि मी हात पुढे करून वाकायचं, हे मला नको. जा, तुझे पाहुणे वाट बघतायत."

आणि पांढरं डोकं भिंतीआड खाली गेलं.

थिओडोशिया उभी राहिली. प्रत्येक शब्द खरा होता. विल गेल्याचं तिला त्याच संध्याकाळी कळलं होतं. ती टोपी घालून, चावी हातात घेऊन दारापर्यंत गेली होती. पेरेग्रिन जेवायला बसताना म्हणाले, सूप निवतंय. आणि ती परत येऊन जेवायला बसली होती. तिला आता त्या सूपचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"आईसाहेब," कॉन्स्टन्स हळूच म्हणाली, "मी आहे इथे."

"ते बरंच आहे. शिडी घट्ट धर."

"अहो पण..."

"धर म्हणतेय ना!"

ती चढू लागली. तिसऱ्या पायरीवर झगा अडकला आणि टरकन फाटला. ती थांबली नाही. तेवढ्यात हिरवळीकडून हातात अंड्याची बशी घेऊन कर्नल परत आले आणि शिडीखाली उभे राहून वर बघत राहिले. मग बघू नये हे लक्षात येऊन त्यांनी बशीत बघितलं.

"वहिनी, लोक विचारतायत. न्याहारी कोण सुरू करणार?"

"तुम्ही करा."

"आणि चाव्या?"

"आहेत कुठे चाव्या?" थिओडोशिया भिंतीच्या माथ्यावरून म्हणाली. तिथून एकीकडे तिला आख्खं पार्क दिसत होतं, दुसरीकडे भट्टीचं अंगण, वाळत घातलेले कपडे आणि एक उघडं दार. "सांगा त्यांना, रेंजर बहिणीकडे गेलीये."

कर्नलनी हातातल्या काट्याने तिला सलाम केला. आयुष्यात त्यांनी जनरललाही इतक्या मनापासून केला नव्हता.

* * *

जेमायमा स्वयंपाकघरात पाव कापत होती. दारात पावलं वाजली तेव्हा तिला वाटलं गाडीवानांपैकी कोणी असेल.

"पाय पुसून आत या," ती न बघता म्हणाली.

"जेमी."

सुरी थांबली.

थिओडोशिया उंबऱ्यात उभी होती. हिरवा झगा गुडघ्यापर्यंत फाटलेला, तळहात खरचटलेले, टोपी कुठेतरी पडलेली. ताठपणाचा मागमूस नव्हता. "मी यायला हवं होतं," ती म्हणाली. "विल गेला तेव्हा यायला हवं होतं. त्याच्या आधीही. मला भीती वाटायची. आधी पेरेग्रिनची, आणि मग इतकी वर्षं गेल्यावर तुझीच. दुसरं काही कारण नाही. दुसरं काही सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं."

आता मात्र जेमायमा रडली. दोघीही रडल्या. पण दोघींनाही रडण्याची फारशी सवय नव्हती, त्यामुळे ते लवकर आवरलं. जेमायमाने नाक पुसलं, बाक पुढे ओढला आणि ओलं फडकं बहिणीच्या हातात दिलं.

"हात पूस. कसल्या गं शिड्या चढतेस या वयात? पडली असतीस तर?"

"तुझ्या शिड्या आहेत. तुला बोल लागला असता."

"लागलाच असता. आख्ख्या पार्काने लावला असता." ती हसली आणि तिने लोण्याचा गोळा पुढे सरकवला. "खा. तिकडच्या पेस्ट्रीत मीठ कमी असणार. पेरेग्रिनची स्वयंपाकीण आहे ना अजून?"

"आहे. कमी असतं."

दोघींनी पाव खाल्ला. अर्धा अधिक संपला असेल तेव्हा अंगणात गाडी वाजली आणि कोणीतरी गात असल्याचा आवाज आला. गाणारे लॉर्ड मिल्डरन होते. टोबायसने त्यांना उतरवून आणलं आणि चुलीजवळच्या खुर्चीत नीट ठेवलं. त्यांच्या मागून छातीशी टोपली धरून ऑगस्टस आत आला, आणि आईला तिथे, त्या अवतारात, तोंडात घास असताना पाहून दारातच थबकला.

"आई! तू बाहेर कशी आलीस? चाव्या तर माझ्याकडे आहेत!"

"चावीची गरज नव्हती रे," थिओडोशिया म्हणाली. "मलाही आजच कळलं."

ऑगस्टसने टोपली टेबलावर ठेवली. मग तो पावाच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाईकडे वळला. लंडनमध्ये त्याला बड्या घरच्या खऱ्या डचेस आणि मार्क्विस यांच्याशी सराईतपणे बोलता येत असे, इथे एक शब्द काढायला त्याला दोनदा घसा खाकरावा लागला.

"मावशी," तो म्हणाला.

"ये. किती वाळलास. लंडनमध्ये खायला घालत नाहीत का?" जेमायमाने आणखी एक बशी मांडली. "आणि डचेसच्या नातीला गाजर दिल्याशिवाय जायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"मला काही चावीबिवी मिळणार होती म्हणे," चुलीजवळून मिल्डरन म्हणाले. "मिळाली तर याच बाजूच्या फाटकाची द्या. ते दक्षिणेकडचं राहू दे, तिकडे नुसतं गवत आहे."

थिओडोशियाने बहिणीकडे पाहिलं. "जेमी, तुझ्या अंगणात किती माणसं मावतात?"

"कापणीच्या जेवणाला सगळं गाव मावतं."

"मग ऑगस्टस, जा, फाटक उघड आणि सगळ्यांना इकडे घेऊन ये. पेस्ट्रीसकट. रेंजर इथे आहे, म्हणजे चाव्या इथेच मिळणार."

त्या वर्षीची न्याहारी अशी भट्टीच्या अंगणात झाली. तिच्याबद्दल आमच्याकडे अजून ज्याच्या त्याच्या सोयीने सांगतात. मिसेस ऑर्डवे पिंपावर चढून नाचल्या हे खोटं आहे, त्या पिंपाशेजारी नाचल्या. जॉब टिल्यार्डला चावी मिळाली तेव्हा त्याने ती दातांनी चावून बघितली. कॉन्स्टन्सला चावी देताना थिओडोशियाने तिचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला आणि म्हणाली, गजांमधून बोलणं आता बंद, मानेला वाईट असतं. ऑगस्टसला जागा मिळाली की नाही हे विचारायचंच सगळे विसरले, तोही विसरला, कारण घोडी त्याचं गाजर घेऊन टोपीही खात होती.

शेवटी टोपलीत एकच चावी राहिली, उत्तर फाटकाची. मंडळी हळूहळू फाटकातून परतू लागली होती. थिओडोशियाने ती चावी उचलली आणि अंगणातल्या बाकावर बहिणीशेजारी येऊन बसली.

"आता तरी घेशील? वाकायला नको. मी शेजारी बसलेय."

जेमायमाने चावी तिच्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि बहिणीच्या फाटक्या हिरव्या झग्याच्या खिशात परत टाकली.

"तुझ्याकडेच राहू दे. म्हणजे उद्या न यायला तुला सबब उरणार नाही."